सी-शार्पचा कर्ता गो निवडतो तेव्हा: टाइपस्क्रिप्ट कंपायलरच्या भाषांतराचं प्रकरण

११ मार्च २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टच्या अँडर्स हेल्सबर्ग यांनी एक घोषणा केली. टाइपस्क्रिप्ट ही जावास्क्रिप्टवर बेतलेली भाषा; कोणती किंमत कोणत्या प्रकारची (टाइपची) आहे ते ती कोड चालवण्याआधीच तपासते. हे तपासून तिचं जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर करणारा प्रोग्राम म्हणजे तिचा कंपायलर, आणि तो तोवर टाइपस्क्रिप्टमध्येच लिहिलेला होता. तो गो भाषेत नेला जात असल्याचं आणि त्यामुळे साधारण दहापट वेगवान होणार असल्याचं त्यांनी सांगितलं. दहापटीवर फारसं कुणी भांडलं नाही, भांडण पेटलं ते गोवरून. हेल्सबर्ग म्हणजे टर्बो पास्कल आणि डेल्फीमागचा माणूस, सी-शार्पचा मूळ रचनाकार आणि टाइपस्क्रिप्टचाही. घरात सी-शार्प असताना तिच्याच कर्त्याने गुगलमध्ये जन्मलेली भाषा उचलावी हे डॉटनेटवाल्यांना, म्हणजे सी-शार्पच्या जगातल्यांना, झोंबलं. रस्टवाल्यांचं दुखणं निराळं होतं: त्याआधीच्या काही वर्षांत जावास्क्रिप्टची साधनं नव्याने लिहायची तर ती रस्टमध्ये, असा जणू रिवाजच पडला होता, आणि इतकं मोठं गिऱ्हाईक त्यांच्या दारावरून पुढे गेलं.

या वादात एक प्रश्न जवळजवळ कुणी विचारला नाही. भाषा बदलताना नेमकं काय बदलायचं नव्हतं? माझ्या मते या प्रकरणाची सगळी उकल तिथेच आहे. कोणती भाषा श्रेष्ठ या चर्चेशी या निर्णयाचा संबंध फार थोडा होता. हाताशी असलेला कोड कोणत्या घडणीचा आहे आणि त्याने कोणतं वचन पाळायचं आहे, या दोन गोष्टींनी भाषा ठरवली.

दुखणं काय होतं

टाइपस्क्रिप्ट १ ऑक्टोबर २०१२ रोजी लोकांसमोर आली. कंपायलर तिच्यातच लिहिण्यामागे तेव्हा चांगली कारणं होती. भाषा घडवणारेच ती दिवसभर वापरत, म्हणून कुठे काय टोचतं ते त्यांना आधी कळे. शिवाय जिथे जावास्क्रिप्ट चालते तिथे, म्हणजे अगदी ब्राउझरमध्येही, कंपायलर चालत असे. २०१४ मध्ये तो एकदा त्याच भाषेत नव्याने लिहिला गेला आणि सुमारे चारपट वेगवान झाला. त्यानंतरची दहा वर्षं मात्र वाढीची होती. कंडिशनल टाइप, मॅप्ड टाइप, टेम्प्लेट लिटरल टाइप अशी एकेक भर पडत गेली आणि टाइप तपासणारी ‘चेकर’ ही एकटी फाइल पन्नास हजार ओळींच्या पुढे गेली.

वापरणाऱ्यांचे प्रकल्पही त्याच गतीने फुगले. व्हीएस कोड या मायक्रोसॉफ्टच्या एडिटरचा स्वतःचा कोड सुमारे १५ लाख ओळींचा. तो जुन्या कंपायलरने तपासायला ७७.८ सेकंद लागत. हाच प्रकल्प एडिटरमध्ये उघडला की चुका दिसायला आणि सूचना यायला ९.६ सेकंद जात. मोठ्या अँग्युलर किंवा रिअ‍ॅक्ट प्रकल्पावर काम केलेल्या कुणालाही पुढचं वर्णन ओळखीचं वाटेल: नोडची (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनाची) मेमरी-मर्यादा वाढवणारा तो लांबलचक पर्याय बिल्डच्या आज्ञेत कायमचा चिकटवलेला, लायब्ररींची टाइप-तपासणी बंद ठेवलेली, प्रकल्पाचे तुकडे पाडून एकमेकांना जोडलेले. आणि एवढं करूनही पुल रिक्वेस्ट टाकली (आपला बदल तपासणीला पाठवला) की हिरवी खूण येईपर्यंत चहा पिऊन यायचा.

कोड सुधारून यातलं बरंचसं आधीच मिळवलेलं होतं. उरलेला अडथळा जावास्क्रिप्टच्या पोटातला होता. कंपायलर दर वेळी सुरू होताना क्रोम आणि नोडमध्ये जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या व्ही-८ इंजिनाला आधी तो अवाढव्य कंपायलरच वाचून टप्प्याटप्प्याने त्याचा मशीन कोड बनवावा लागतो. छोट्या प्रकल्पात तर इंजिन गरम होईतो काम संपलेलं असतं. प्रत्येक वस्तू मेमरीत सुटी पडते. शंभर छोट्या नोंदी एका सलग पट्ट्यात मांडायची सोय नाही. पूर्णांक आणि दशांश यांच्यात भाषा भेद करत नाही, ते ओझं इंजिन आपल्या परीने सांभाळतं. आणि सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे समांतर काम. जावास्क्रिप्टमध्ये बाजूला समांतर चालणारे वर्कर आहेत, पण दोन वर्करना वस्तूंचं एकच जाळं मिळून वाचता येत नाही. कच्च्या बाइटांचा तुकडा तेवढा वाटून घेता येतो. कंपायलर म्हणजे वस्तूंचं जाळंच. म्हणजे लॅपटॉपात आठ कोअर असले तरी सात हातावर हात ठेवून बसलेले.

दरम्यान आजूबाजूचं जग पुढे गेलं होतं. इएसबिल्ड हे साधन गोमध्ये, एसडब्ल्यूसी रस्टमध्ये, आणि दोन्ही डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच टाइपस्क्रिप्टची जावास्क्रिप्ट करून देत. मात्र ती टाइप खोडून टाकतात, तपासत नाहीत. खरं कष्टाचं काम एकट्या अधिकृत कंपायलरकडे उरलं होतं, त्यामुळे त्याचा संथपणा आणखीनच उठून दिसे.

न बदलायचं ते काय

आता ती अट. टाइपस्क्रिप्टला जावास्क्रिप्टसारखं औपचारिक, अद्ययावत विनिर्देश-पुस्तक नाही. अमुक कोडवर काय चूक दाखवायची याचं अंतिम उत्तर म्हणजे कंपायलर जे करतो ते. जेनेरिकमधला टाइप अंदाजाने कसा काढायचा, दोन टाइप एकमेकांत बसतात का हे बघताना कुठे थांबायचं, अशा हजारो बारीक निर्णयांची नोंद फक्त त्या कोडमध्ये आहे. जगभरातले लाखो प्रकल्प त्या निर्णयांवर टेकून उभे आहेत. नवा कंपायलर दहापट वेगवान झाला आणि शंभरातल्या एका प्रकल्पात वेगळीच चूक दाखवू लागला, तर तो वेग कुणाच्या कामाचा?

म्हणून संघाने ठरवलं की नव्याने लिहायचं नाही, जसंच्या तसं न्यायचं. फंक्शनला फंक्शन, अटीला अट, शक्यतो त्याच क्रमाने. याला व्यवहाराचंही कारण होतं. जुना कंपायलर लगेच निवृत्त होणार नव्हता. काही काळ दोन्ही बाजूंना तेच दोष तीच माणसं दुरुस्त करणार होती. दोन्ही कोड शेजारी ठेवून वाचता आले नाहीत तर ते काम दुप्पट होतं. प्रकल्पाचे अग्रणी रायन कॅव्हनॉ यांनी गोची बाजू मांडताना सर्वांत आधी हेच मांडलं: साध्या, सरळ गोमध्ये लिहिलेला कोड त्यांच्या जुन्या कोडसारखाच दिसतो.

नव्याने लिहिण्याचा मार्ग दुसऱ्या कुणी चोखाळला नव्हता असं नाही. एसडब्ल्यूसीच्या कर्त्यानेच टाइप-तपासणी वेगवान करण्याचा घाट घातला होता. गो आणि रस्ट दोन्ही भाषा त्यात अजमावून झाल्या आणि शेवटी प्रकल्प सोडून द्यावा लागला. पलीकडे मूळ कंपायलर दर काही महिन्यांनी पुढे सरकत असताना एकट्यादुकट्याने त्याचा पाठलाग करणं किती जिकिरीचं असतं हे तिथे दिसलं होतं.

या अटीच्या उजेडात एकेक भाषा बघितली की वादातला बराचसा धूर निघून जातो.

रस्ट. कंपायलर कोड वाचून त्याच्या रचनेचं एक झाड बांधतो. त्या झाडात प्रत्येक फांदी आपल्या पोटातल्या फांद्या जाणते आणि आपल्या वरची फांदीही जाणते. नावांच्या नोंदी घोषणांकडे बोट दाखवतात, घोषणा नोंदींकडे. टाइप तर स्वतःकडेच बोट दाखवू शकतो. अशी उलटसुलट गुंतलेली जाळी रस्टच्या मालकी-नियमांना, म्हणजे प्रत्येक गोष्टीचा एकच मालक असावा या शिस्तीला, मानवत नाही. ती तिथे करता येतात, पण त्यासाठी खुणेच्या क्रमांकांवर किंवा अरीनावर (मेमरीच्या एका सामायिक गठ्ठ्यावर) सगळी मांडणी नव्याने बेतावी लागते. म्हणजे कागदावर ‘रस्टमध्ये न्यायचं’ असं लिहिलं तरी प्रत्यक्षात ‘नव्याने लिहायचं’ हेच पदरात पडतं, आणि नेमकं तेच टाळायचं होतं. यात रस्टचा कमीपणा काही नाही. कोरी पाटी असती तर निकाल वेगळा लागला असता.

सी-शार्प. तिच्यात कचरा-संकलन (नको झालेली मेमरी आपोआप मोकळी करण्याची सोय) आहे, समांतर कामासाठी धागे आहेत, मेमरीत नेमक्या मांडणीने बसणारे स्ट्रक्ट आहेत. पण तिचा जन्म बाइटकोडसाठी, म्हणजे मशीन कोडच्या अलीकडच्या मधल्या कोडसाठी, झालेला. थेट मशीन कोड बनवण्याची सोय तिच्यात नंतर आली आणि सगळ्या प्लॅटफॉर्मवर तितकी मुरलेली नाही. त्याहून महत्त्वाचं कारण कोडच्या शैलीचं होतं. जुन्या कंपायलरमध्ये क्लास जवळजवळ नाहीतच. साध्या डेटा-रचना आणि त्यांवर काम करणारी सुटी फंक्शन्स, एवढंच. सी-शार्पमध्ये नेताना त्याला क्लासचा, वस्तुकेंद्री पोशाख चढवावा लागला असता. गोमध्ये फंक्शन आणि स्ट्रक्ट हेच रोजचं अन्न. स्वतःच्या हाताने वाढवलेल्या भाषेबद्दल हेल्सबर्ग यांना हे जाहीरपणे सांगता आलं, याचं मला कौतुक वाटतं. आपल्याकडच्या बैठकांत आर्किटेक्टला ज्या भाषेचा अनुभव आहे तीच प्रकल्पाला योग्य निघते, हा योगायोग किती वेळा घडतो ते आठवून बघा.

गोच्या तीन कर्त्यांपैकी रॉबर्ट ग्रीझमर यांनी त्याआधी व्ही-८ इंजिनावर काम केलेलं होतं, हा या प्रकरणातला एक गमतीचा धागा. कामाचं काहीच सिद्ध होत नाही त्याने, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

तोच कचरा-संकलक, दोन निकाल

गोवर एक आक्षेप आला तो कचरा-संकलनाचा. ‘वेग हवा आणि कचरा-संकलक असलेली भाषा घेता?’ हा आक्षेप हवेतून आला नव्हता. फेब्रुवारी २०२० मध्ये डिस्कॉर्डने आपली ‘रीड स्टेट्स’ ही सेवा गोमधून रस्टमध्ये नेल्याचं सविस्तर सांगितलं होतं. कोणत्या वापरकर्त्याने कोणत्या चॅनेलमधला कुठवरचा मजकूर वाचला याची नोंद ती ठेवते. तिच्या कॅशमध्ये (पटकन हाती यावा म्हणून मेमरीत धरलेल्या साठ्यात) लक्षावधी नोंदी कायम जिवंत असत. नवा कचरा फारसा होत नसला तरी गो निदान दर दोन मिनिटांनी एकदा तरी संकलन करतेच. त्या प्रत्येक फेरीत संकलक ते सगळं कॅश धुंडाळून काढी, आणि आलेखावर दर दोन मिनिटांनी विलंबाचा सुळका उभा राही. रस्टमध्ये गेल्यावर सुळके गेले.

मग गो वाईट ठरली का? डिस्कॉर्डची सेवा अहोरात्र चालणारी, मेमरीत प्रचंड साठा धरून बसणारी आणि प्रत्येक विनंतीला मिलिसेकंदात उत्तर द्यायला बांधलेली. कंपायलरचं आयुष्य याच्या अगदी उलट. आज्ञा दिली, झाड बांधलं, टाइप तपासले, चुका छापल्या, प्रक्रिया संपली. जवळजवळ सगळी मेमरी शेवटपर्यंत लागतच असते, आणि शेवटी ती ऑपरेटिंग सिस्टिम एकगठ्ठा परत घेते. मध्ये एखादी संकलनाची फेरी लांबली तरी कुणाच्या लक्षातही येत नाही. एडिटरमागे चालणारी सेवा दिवसभर जिवंत असते खरी, पण टाइप करणाऱ्या माणसाच्या दोन बोटांमध्येही तिला निवांत वेळ मिळतो. त्यामुळे एका प्रकरणात जे कारण गो सोडायला पुरेसं ठरलं, ते दुसऱ्यात गैरलागू होतं.

कोड प्रत्यक्षात कसा हलला

सांकेतिक नावं इटालियन ठेवली होती: जुना कोड ‘स्ट्राडा’, नवा ‘कोर्सा’. काही भाग हाताने उतरवले गेले, काही यांत्रिक रूपांतराचं ओबडधोबड फलित घेऊन मग माणसांनी घासून-पुसून घेतले.

जुना चेकर म्हणजे एकच अजस्र फंक्शन होतं. त्याच्या पोटात शेकडो चल आणि त्यांना हात घालणारी हजारो आतली फंक्शन्स. गोमध्ये ते चल एका स्ट्रक्टची फील्ड झाले आणि आतली फंक्शन्स त्याच्या मेथड. एवढ्या एका बदलाने ‘एकाऐवजी चार चेकर बनवू या’ हे वाक्य उच्चारता येऊ लागलं, कारण प्रत्येकाची अवस्था आता आपापल्या डब्यात बंद होती. फाइली वाचणं, त्यांचं झाड बांधणं, शेवटी निकाल लिहिणं ही कामं तर फाइलगणिक स्वतंत्र, ती हव्या तितक्या कोअरवर पसरता येतात. जुन्या कोडमध्ये एकदा बांधलेल्या झाडाला चेकर हात लावत नसे, आपल्या नोंदी बाजूच्या तक्त्यात ठेवी. ज्या भाषेत समांतर चालायची सोयच नव्हती तिथे पाळलेली ही शिस्त दहा वर्षांनी दुसऱ्या भाषेत फळाला आली.

चेकर तेवढे साधे नव्हते. टाइप फाइलीच्या सीमा मानत नाहीत. इथे निवडलेली तोड अगदी रांगडी आहे: ठरावीक संख्येचे, सहसा चार, चेकर उभे करायचे, फाइली त्यांच्यात वाटायच्या, आणि एकमेकांशी बोलू द्यायचंच नाही. ब्राउझरच्या डॉमसारखे (वेबपानाच्या रचनेचे) सामायिक टाइप प्रत्येक जण आपापला पुन्हा काढतो. थोडं काम दुबार होतं, थोडी मेमरी जास्त जाते, पण कुलूप-किल्लीचा कारभार वाचतो. हे वाचल्यावर मला वाटलं होतं की मेमरीचा हिशेब बिघडेल. पण गोची स्ट्रक्ट इतकी आटोपशीर बसतात की एकूण मेमरी जुन्याच्या साधारण निम्मी झाली.

खरी कसोटी लागली ती न लिहिलेल्या गृहीतकांशी, आणि भाषा बदलणाऱ्या प्रत्येकाने हा भाग दोनदा वाचावा असं मला वाटतं. जावास्क्रिप्टचा मॅप (किल्लीवरून किंमत शोधून देणारा तक्ता) घातलेल्या क्रमानेच नोंदी परत देतो. गोचा मॅप मुद्दाम वाटेल त्या क्रमाने देतो. म्हणून क्रम राखणारा वेगळा मॅप हाताने बनवून घ्यावा लागला. जावास्क्रिप्टची सॉर्ट समान घटकांचा मूळ क्रम टिकवते. गोची नेहमीची सॉर्ट तशी हमी देत नाही. जावास्क्रिप्टचा मजकूर यूटीएफ-१६ चा, गोचा यूटीएफ-८ चा. म्हणजे ओळीत ‘पंधराव्या जागी चूक आहे’ हे म्हणताना पंधरा कशाचे मोजले, हा प्रश्न उभा राहतो. केवळ रोमन अक्षरांच्या फाइलीत दोन्ही उत्तरं जुळतात. स्ट्रिंगमध्ये ‘नमस्कार’ लिहिलं की फाटतात, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-१६ मध्ये एक घटक आणि यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. एडिटरशी बोलताना हे रूपांतर दर वेळी चुकता करावं लागतं.

यांचा मुकुटमणी म्हणजे युनियन टाइपचा (‘हा किंवा तो’ असे पर्याय जोडून बनलेल्या टाइपचा) क्रम. जुन्या कंपायलरमध्ये प्रत्येक टाइप जन्माला आला की त्याला पुढचा क्रमांक मिळे आणि युनियनमधले टाइप त्या क्रमांकाने लावले जात. एकच धागा असताना जन्मक्रम दर वेळी तोच, म्हणून चुकीच्या संदेशातही आणि बनवलेल्या घोषणा-फाइलींतही क्रम तोच. हा कुणी ठरवलेला नियम नव्हता. ते आपोआप तसं होत होतं आणि लोकांच्या चाचण्या त्यावर टेकल्या होत्या. चार चेकर एकदम धावू लागले की कुठला टाइप आधी जन्मला हे नशिबावर गेलं. उपाय म्हणून नव्या कंपायलरमध्ये टाइप त्यांच्या आशयावरून लावले जातात, म्हणजे कुणीही आधी पोचो, क्रम एकच. पण तो जुन्या क्रमाहून वेगळा असू शकतो. म्हणून जावास्क्रिप्टवरच्या ६.० आवृत्तीत नवा क्रम आधीच लावून बघण्याचा खास पर्याय दिला गेला. पुढच्या आवृत्तीशी तुलना करताना खरा दोष कोणता आणि नुसता क्रमबदल कोणता हे कळावं, एवढाच त्याचा उपयोग, आणि तो चालू केला की तपासणी मंदावते.

आकडे, आणि त्यांतला गोचा वाटा

व्हीएस कोडचे ७७.८ सेकंद ७.५ वर आले. ब्राउझर-चाचण्यांचं साधन प्लेराइट, साडेतीन लाखांहून थोडा जास्त ओळींचा, ११.१ वरून १.१ सेकंदांवर. डेटाबेसची लायब्ररी टाइपओआरएम १७.५ वरून १.३ वर. एडिटरमध्ये व्हीएस कोडचा प्रकल्प उघडण्याचे ९.६ सेकंद १.२ झाले.

या दहापटीत निम्मा वाटा मशीन कोडचा आणि निम्मा समांतर कामाचा, असं संघ सांगतो. हे निम्मे-निम्मे बेरजेचे नसून गुणाकाराचे आहेत: साधारण तीन-साडेतीन पट इथून, तितकीच तिथून. म्हणजे ‘गो जावास्क्रिप्टच्या दहापट वेगवान’ असं कुणी म्हटलं तर ते खरं नाही. एका धाग्यावर फरक तिपटीच्या आसपासचा आणि उरलेला सगळा त्या रिकाम्या बसलेल्या कोअरचा. एखाद्या ऑफिसात हे प्रकरण दाखवून ‘आपणही बॅकएंड नोडवरून गोवर नेऊ या’ असा प्रस्ताव येईल तेव्हा हा हिशेब हाताशी असावा. ज्या सेवेचा बहुतेक वेळ डेटाबेसची वाट बघण्यात जातो तिथे यातलं काहीच लागू होत नाही.

२२ मे २०२५ पासून नवा कंपायलर पूर्वावलोकन म्हणून एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेज-भांडारावर मिळू लागला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संघाने प्रगती मांडली, त्यात मला सगळ्यांत बोलका वाटलेला आकडा वेगाचा नाही. सुमारे २०,००० कंपायलर-चाचण्यांपैकी साधारण ६,००० चाचण्यांत जुना कंपायलर निदान एक तरी चूक दाखवतो; त्यांपैकी ७४ वगळता सगळीकडे नवाही चूक दाखवतो. ‘जसंच्या तसं’ या वचनाचा हिशेब असा ठेवावा लागतो. वर्षानुवर्षं जपलेल्या या चाचण्या नसत्या तर कोणतीही भाषा निवडून उपयोग नव्हता.

बिल कुणाला आलं

संघाला आलं, पण त्याची चर्चा कमी झाली. युनियन टाइप, नल-तपासणी, इनम यांवर वर्षानुवर्षं हात बसलेली माणसं आता गो लिहितात, जिथे यातलं धड काहीच नाही. टाइपस्क्रिप्टचा कंपायलर लिहिणारा यापुढे दिवसभर टाइपस्क्रिप्ट लिहिणार नाही. आपलंच अन्न आपण चाखण्याची ती २०१२ ची सवय सुटली, आणि तिची किंमत कोणत्या आवृत्तीत दिसेल ते आज मोजता येत नाही.

त्याहून मोठा वाटा बाहेरच्यांकडे गेला. लिंट करणारी (कोडमधल्या खोडी दाखवणारी), कोड रूपांतरित करणारी, दस्तऐवज बनवणारी कितीतरी साधनं कंपायलरला जावास्क्रिप्टमधून थेट हाक मारत. त्यांच्या लेखी तो एक लायब्ररी होता, एकाच प्रक्रियेत शेजारी बसलेला. तो आता दुसऱ्या भाषेतला वेगळा प्रोग्राम आहे. टाइप विचारायचा तर प्रक्रियेची सीमा ओलांडून निरोप पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची. जुनी हाक जशीच्या तशी चालणार नाही हे संघाने स्पष्ट सांगितलं आहे. जेएसडॉक टिप्पण्यांमध्ये टाइप लिहून साध्या जावास्क्रिप्टवर भागवणाऱ्यांसाठीही काही जुने लाड बंद झाले. एडिटरशी बोलणारा टाइपस्क्रिप्टचा स्वतःचा जुना प्रोटोकॉल सोडून एडिटर आणि भाषा-साधनं यांच्या संवादाचा सर्वमान्य प्रोटोकॉल, एलएसपी, स्वीकारला गेला. हे काम खरं तर फार आधी व्हायला हवं होतं. भाषा बदलण्याच्या गडबडीत ते एकदाचं उरकलं.

६.० ही जावास्क्रिप्टवरची शेवटची आवृत्ती, ६.१ काढायचा विचार नाही, ७.० पासून गो, असा आराखडा डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झाला. ज्यांची साधनं जुन्या हाकेवर अवलंबून आहेत त्यांना दोन्ही आवृत्त्या शेजारी-शेजारी बसवायचा सल्ला दिला गेला: लिंटसाठी ६, तपासणीसाठी ७. म्हणजे वेगासाठी भाषा बदलली आणि मधल्या काळात अनेक प्रकल्पांच्या पॅकेज-फाइलीत एकाऐवजी दोन कंपायलर राहायला आले.